अंधाराला दोघांची संमती

वहिनी आणि धाकटे अकरा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते, आणि त्याच अकरा वर्षांत दोघांनी मिळून सातशेच्या आसपास प्रयोग पार पाडले होते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी, असा प्रश्न नाट्यगृहाबाहेरच्या माणसाला पडेल. आतल्यांना तो पडत नसे, कारण मधे पडदेवाला होता.

प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीत, बाल्कनीच्याही वर, प्रकाशाची खोली होती. तिथे वहिनी बसत. रंगमंचाच्या बरोबर खाली, वाकून शिरावे लागणाऱ्या दाराची, डिमरची, म्हणजे दिव्यांचा उजेड कमीजास्त करणाऱ्या यंत्रांची खोली होती; तिथे धाकटे. दोघांच्या कानांवर एकाच तारेवरचे हेडफोन. वर उच्चारलेला प्रत्येक शब्द खाली ऐकू जाई, खालचा वर. तरीही वहिनी धाकट्यांना उद्देशून कधी काही म्हणत नसत. त्या म्हणत, "पडदेवाले, खाली सांगा, सातवा फ्यूज बघा." धाकट्यांनी हे स्वच्छ ऐकलेले असे, पण ते जागचे हलत नसत. विंगेत दोरांशेजारी स्टुलावर बसलेला पडदेवाला मग तिसऱ्या हेडफोनमधून म्हणे, "सातवा फ्यूज बघायला सांगितलाय," आणि त्यानंतरच धाकटे उठत. उत्तर येई, "वर सांगा, फ्यूज ठीक आहे, बल्ब गेलाय. काचेतून दिसत नसेल तर चष्मा बदला म्हणावं." पडदेवाला वर एवढेच पोहोचवी, "बल्ब गेलाय." चष्मा गाळला जाई, आणि गाळलेला चष्मा दोघांनीही ऐकलेला असे. साठीकडे झुकलेला हा गृहस्थ सांगे की त्याने जन्मात दोनच पडदे ओढले, एक मखमलीचा आणि एक या दोघांमधला; पैकी मखमलीचा हलका.

वहिनी ही पदवी त्यांना लग्नाने मिळाली होती. त्यांचे पती या नाट्यगृहाचे प्रकाशवाले. सगळे त्यांना थोरले म्हणत, म्हणून त्यांचा सख्खा भाऊ तो धाकटे. थोरले गेले तरी धाकट्यांचे नाव बदलले नाही. बावन्न वर्षांचा, ज्याला आता थोरला भाऊ उरलेला नाही असा माणूस अजून धाकटेच होता, आणि हे त्याला रोज कोणीतरी हाक मारून आठवून देत होते.

थोरल्यांच्या शेवटच्या दोन वर्षांच्या आजारपणात वहिनी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसत. आधी नुसत्या वह्यांची पाने उलटायला, पुढे त्यांचा हात थरथरू लागला तेव्हा कळ सरकवायला, आणि अखेरच्या काही महिन्यांत सगळेच. संस्थेने त्यांना खोली दिली ती या अनुभवावर. धाकटे तेव्हा अठरा वर्षे खाली होते आणि जिना चढण्याची आपली पाळी आली असे धरून चालले होते. बैठकीत ते म्हणाले की वहिनींना रंगमंच म्हणजे स्वयंपाकघरातले बटण वाटते. वहिनींनी त्यावर आवाज चढवला नाही. त्यांनी दुरुस्तीची वही उघडली आणि धाकट्यांच्या हातून उलट्या जोडल्या गेलेल्या तारांच्या चार नोंदी तारखांसह वाचून दाखवल्या. त्या नोंदी थोरल्यांच्या हस्ताक्षरात होत्या. भावाने आपल्या चुका अशा लिहून ठेवल्या होत्या हे धाकट्यांना तेव्हाच, चारचौघांत, कळले. त्या दिवसापासून बोलणे संपले. खोलीतली दुसरी खुर्ची वहिनींनी भांडारात पाठवून दिली. वर येणाऱ्याने उभ्याने बोलावे आणि लवकर जावे, असा त्यामागचा विचार होता, आणि तो त्यांनी कोणापासून लपवलाही नाही.

त्यांच्याबद्दल प्रेमाने बोलणारे नाट्यगृहात फारसे कोणी नव्हते. नटांना त्या नावाने ओळखत नसत, उजेडातल्या जागेने ओळखत. "तिसऱ्या दिव्याखालचा" म्हणजे कोण हे सगळ्यांना कळे. चूक झाली की मान्य करत, पण दुसऱ्याची आधी दाखवून. कामात मात्र त्यांना नाव ठेवायला जागा नव्हती, आणि ज्याला नाव ठेवता येत नाही अशा माणसाचा दुस्वास जरा जास्तच चिवट असतो.

संस्थेने जुने दिवे काढून नवे एलईडी दिवे बसवायचे ठरवले, त्यातून पुढचे सारे उद्भवले. एलईडी दिव्यांना डिमर लागत नाही. डिमरची खोली बंद होणार, हे पहिल्याच बैठकीत उघड झाले. व्यवस्थापकांनी पुढचे सरळ सांगून टाकले: नव्या यंत्रणेवर एकच माणूस लागेल, दुसऱ्याला भांडारात जावे लागेल. प्रशिक्षण दोघांनाही मिळेल. मांडणी वहिनी करतील, कारण खोली सध्या त्यांची आहे; शनिवारी दुपारी निमंत्रितांसमोर चाचणीचा प्रयोग होईल; तो निर्दोष झाला तर वहिनी वर राहतील, नाहीतर धाकटे वर जातील. भांडार म्हणजे मागच्या अंगणातली, जुन्या पोशाखांनी आणि मोडक्या खुर्च्यांनी भरलेली, एका खिडकीची खोली. दोघांनीही मान हलवली. एकमेकांकडे कोणी पाहिले नाही.

कंपनीचा इंजिनिअर दोन दिवसांसाठी आला. त्याने वर एक नियंत्रक बसवला, ज्याला सगळे कन्सोल म्हणू लागले, आणि खाली दुसरा, लहान, राखीव: वरचा बंद पडला तर प्रयोग अडू नये म्हणून. रंगमंचावरच्या चार आडव्या नळ्यांवर त्याने चार पेट्या लावल्या. कन्सोलचा निरोप नेटवर्कच्या केबलमधून या पेट्यांपर्यंत येतो आणि पेटी तो दिव्यांना कळेल अशा भाषेत पुढे सांगते. निघताना तो रंगमंचाच्या मध्यभागी उभा राहिला. वहिनी त्याच्या डावीकडे दहा पावलांवर, धाकटे उजवीकडे तितक्याच अंतरावर. तो म्हणाला की दोन्ही कन्सोल एकाच वेळी बोलू शकतात, म्हणून प्रत्येकाला अग्रक्रमाचा एक आकडा असतो. आकडा दोनशेपर्यंत जातो. ज्याचा मोठा त्याचे पेटी ऐकते. सध्या दोन्ही शंभरावर आहेत. "कोणाचा पुढे ठेवायचा ते तुम्ही दोघं बोलून ठरवा," असे म्हणून त्याने पिशवी उचलली. पडदेवाला विंगेतून हे ऐकत होता. त्याने नंतर सांगितले की त्याला तिथेच घाम फुटला होता.

दोघांनी बोलून काहीच ठरवले नाही, हे सांगण्याची गरज नाही.

पुढचे नऊ दिवस वहिनी सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत काम करत राहिल्या. बासष्ट दिवे. प्रत्येक नळी कमरेइतकी खाली आणवून त्यांनी प्रत्येक दिव्याच्या पाठीवरची बारीक बटणे दाबून त्याला पत्ता दिला, पत्ता वहीत लिहिला आणि त्यावर बोट ठेवून पुन्हा वाचला. मग कन्सोलला कोणता दिवा कोणत्या पत्त्यावर आहे ते शिकवले. मग क्यू: नाटकाच्या प्रत्येक क्षणाला कोणता दिवा किती, आणि त्या उजेडापर्यंत किती सेकंदांत पोहोचायचे, याच्या चौऱ्याऐंशी पायऱ्या. नळ्या खालीवर करताना पडदेवाल्याने त्यांना दोनदा विचारले की खालच्या यंत्राचे काय ठरले. पहिल्यांदा त्यांनी पुढच्या दिव्याचा पत्ता वहीत लिहिला. दुसऱ्यांदा म्हणाल्या की पडदेवाल्याने दोर बघावेत.

नाटकात एकेचाळिसावी पायरी महत्त्वाची होती. आई रंगमंचाच्या मधोमध खुर्चीत बसलेली असते. चार सेकंद संपूर्ण अंधार होतो. उजेड येतो तेव्हा खुर्ची रिकामी. त्या चार सेकंदांत नटीने आठ पावले चालून विंगेत जायचे होते.

बुधवारच्या तालमीला व्यवस्थापक पहिल्या रांगेत होते. एकेचाळिसावी पायरी आली. वहिनींनी बटण दाबले. दिवे उतरले, पण विझले नाहीत. बासष्टच्या बासष्ट दिव्यांत एक फिकट, राखेसारखा उजेड उरला आणि त्या उजेडात साडी सावरत लगबगीने जाणारी आई सगळ्यांना दिसली. कोणीतरी हसले. दिग्दर्शक मान वर करून काचेकडे पाहत म्हणाला, "अंधार इथे मिळतो, की तोही बाहेरून मागवावा लागतो?" चार वेळा पुन्हा केले. चारही वेळा आई दिसली. पाचव्या वेळी धाकट्यांचा आवाज हेडफोनमध्ये आला, "वर सांगा, दिवे लावणं सोपं असतं. विझवायला शिकावं लागतं." पडदेवाल्याने हे पोहोचवले नाही. व्यवस्थापक उठून गेले, आणि जाताना त्यांनी, खालून येऊन रंगमंचाच्या कडेला उभ्या राहिलेल्या धाकट्यांच्या खांद्यावर हात ठेवला. वहिनींनी काचेतून ते पाहिले.

गुरुवारी सकाळी त्यांनी दोष शोधायला घेतला. कन्सोलवर सगळे आकडे शून्य होते. एकाच पत्त्यावर चुकून दोन दिवे आले असतील म्हणून वही पडताळली, आले नव्हते. पेट्यांतच आधीपासून काही उजेड ठरवून ठेवला आहे का पाहिले, नव्हता. शेवटी त्यांनी वरच्या कन्सोलची केबलच उपसली. आता रंगमंचाला कोणीच काही सांगत नव्हते, तेव्हा अडीच सेकंदांनी सगळे दिवे विझायला हवे होते. तोच राखेचा उजेड तसाच राहिला. त्या हातात केबल धरून काचेपाशी उभ्या राहिल्या. त्या नसतानाही रंगमंचावर उजेड होता, म्हणजे तो दुसरे कोणी पाठवत होते.

पेटीला कोण काय सांगते ते दाखवणारे पान त्यांनी संगणकावर उघडले. त्यावर दोन नावे होती, मुख्य आणि राखीव, दोघांपुढे शंभर. राखीवकडून बासष्ट दिव्यांना आठ टक्के जात होते. सारख्या अग्रक्रमाचे दोघे बोलू लागले तर पेटी ज्याचा उजेड जास्त त्याचे धरते, हे त्यांना प्रशिक्षणात सांगितले होते. उजेडाच्या प्रसंगांत त्यांचा उजेड जास्त, म्हणून कोणाला काही कळले नाही. त्या शून्यावर आल्या की खालचे आठ वर येत. उजेड कोणीही एकट्याने करू शकत होता. अंधार मात्र दोघांनी मिळूनच करावा लागत होता.

त्यांनी क्षणाचाही विचार न करता हे मुद्दाम केलेले आहे असे ठरवले. त्यांच्या जागी कोणीही ठरवले असते.

घर एकच होते. वरचा मजला वहिनींचा, खालचा धाकट्यांचा. जावाजावांचे मात्र चांगले होते, नाट्यगृहातले वैर त्यांनी आपल्यात येऊ दिले नव्हते. संध्याकाळी गच्चीवर वाळलेली चादर दोन टोकांनी धरून घडी घालताना जाऊ आपणहून बोलू लागली. म्हणाली, "हे रविवारपासून त्या नव्या दिव्यांचंच लावून बसलेत. म्हणतात, गार दिवा एकदम पेटवला की मरतो, दादानं शिकवलंय मला. थोडा थोडा ऊबदार ठेवायचा म्हणे. बाई वर बसून हे करणार नाही, म्हणून कालपासून मी खालून करतो. तुम्हाला सांगितलं असेल ना पडदेवाल्यानं?"

वहिनी म्हणाल्या, "हो, सांगितलंय." आणि चादरीचे आपले टोक जावेच्या हातात दिले.

थोरल्यांचा तो नियम त्यांनीही ऐकला होता. जुन्या बल्बमध्ये तार असे. गार तारेला एकदम वीज दिली की ती तुटे, म्हणून प्रयोगभर तिला आठ टक्क्यांवर जागे ठेवायचे. त्या दिव्यांचे आठ टक्के म्हणजे डोळ्याला न दिसणारी एक लालसर धग. नव्या दिव्यांत तारच नव्हती, आणि त्यांचे आठ टक्के म्हणजे दिसणारा उजेड. धाकटे अठरा वर्षे भावाच्या हाताखाली आणि अकरा वर्षे त्याच्या माघारी जे निष्ठेने करत आले तेच करत होते. ज्या दिव्यांमुळे आपण कदाचित भांडारात जाणार, तेच दिवे ते सांभाळत होते.

आता वहिनींपुढे दोन वाटा होत्या. हेडफोनवर एक वाक्य: पडदेवाले, खाली सांगा, या दिव्यांना ऊब लागत नाही. पडदेवाल्याने ते पोहोचवले असते, धाकट्यांनी शिव्या घालत का होईना आकडा शून्यावर आणला असता, आणि बुधवारचा गोंधळ दोघांच्या न बोलण्याचा म्हणून दोघांच्याही नावे लागला असता. मग शनिवारी व्यवस्थापकांपुढे सारखीच चूक केलेली दोन माणसे उभी राहिली असती, आणि त्यांपैकी एकाच्या खांद्यावर व्यवस्थापकांचा हात आधीच पडलेला होता. दुसऱ्या वाटेला वाक्य लागत नव्हते. शुक्रवारी सकाळी त्यांनी आपल्या कन्सोलचा अग्रक्रम शंभरावरून एकशे एक केला आणि एकेचाळिसावी पायरी चालवून पाहिली. रंगमंच नाहीसा झाला. खाली धाकट्यांच्या कन्सोलवर बासष्ट दिव्यांपुढे आठ टक्के तसेच दिसत राहिले. राखीव कन्सोलला आपले कोणी ऐकत नाही हे कळण्याची सोय नव्हती.

शनिवारी प्रयोग झाला. चार सेकंद काळेकुट्ट गेले, आणि उजेड आला तेव्हा खुर्ची रिकामी होती. तीनशे माणसांनी एकदम श्वास घेतल्याचा आवाज वरच्या काचेपर्यंत आला. धाकटे अडीच तास खालच्या खोलीत दिव्यांना ऊब देत बसले होते.

सोमवारी व्यवस्थापकांनी बुधवारच्या बिघाडाचा लेखी खुलासा मागितला. वहिनींनी दोन ओळी लिहिल्या: तालमीच्या वेळी राखीव कन्सोलवरून सर्व दिव्यांना आठ टक्के पाठवले जात होते. मुख्य कन्सोलचा अग्रक्रम वाढवून तो परिणाम थांबवण्यात आला आहे. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. तो वाचून व्यवस्थापकांनी जे समजायचे ते समजले. दोन दिवसांनी, बुधवारी, धाकट्यांच्या हाती भांडाराचा आदेश पडला, आणि खुलाशाची प्रत त्याला जोडलेली होती.

दुपारी ते जिना चढून वर आले. खालच्या खोलीची किल्ली द्यायची होती. ती पडदेवाल्याकडे देता आली असती. दारात थांबून त्यांनी खोली पाहिली. बसायला काही नव्हते.

"वहिनी," ते म्हणाले, "तुमचा आकडा किती ठेवलाय?"

वहिनींनी कानावरचा हेडफोन काढला. "एकशे एक."

"माझा?"

"शंभर. होता तोच. मी हात लावला नाही."

"दोनशेपर्यंत जातो म्हणाला होता तो."

"जातो."

"मग एकच कशाला वाढवलात?"

"एकानं काम होत होतं, भावोजी. जास्त वाढवला असता तर तुम्हाला वाटलं असतं, रागानं केलं."

धाकट्यांनी हसल्यासारखे केले. खिशातून आदेशाचा कागद काढून त्यांनी तो कन्सोलवर ठेवला; वहिनींनी तो उचलून बाजूच्या टेबलावर ठेवला, कारण कन्सोलवर काही ठेवलेले त्यांना चालत नसे.

"ते आठ टक्के कशासाठी होते, तुम्हाला माहीत होतं?"

खोटे बोलणे सोपे होते, आणि जावेने सांगितल्याचे कोणाला कळलेही नसते. वहिनी म्हणाल्या, "गुरुवार संध्याकाळपासून."

"आणि ते यात नाही."

"बिघाड काय झाला ते विचारलं होतं. का झाला ते विचारलं नव्हतं."

"खाली येऊन एकदा सांगायचं होतंत. चाळीस पायऱ्या आहेत त्या."

"तुम्हीही अकरा वर्षं मोजलीच आहेत की त्या."

 धाकटे अगदी हळू म्हणाले की दादा असता तर त्याने हे खपवून घेतले नसते. त्याने वहिनींना या खोलीतून बाहेर काढले असते. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिले. अकरा वर्षांत त्यांनी या माणसाचा चेहरा इतक्या जवळून पाहिला नव्हता. कानशिलांवर पांढरे आले होते आणि नाक थोरल्यांसारखे दिसू लागले होते.

"ते असते तर ते या खुर्चीत असते," त्या म्हणाल्या. "मी वह्या उलटत असते, आणि तुम्ही तरीही खालीच असता."

धाकट्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि वळले. तीन पायऱ्या उतरले असतील तोच वहिनींनी हस्तांतराची वही उघडून हाक मारली. सही राहिली होती. ते परत आले, उभ्यानेच वाकून सही केली, त्याखाली तारीख घातली, पेन टोपण लावून जागेवर ठेवले आणि गेले. जाताना दार त्यांनी उघडेच टाकले. वहिनींनी थोडा वेळ पायऱ्यांवरच्या पावलांचा आवाज ऐकला, मग उठून दार लावून घेतले.